दर उन्हाळ्यात एसीचा गॅस ‘संपतो’, तेव्हा नेमके काय होत असते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर १२ बाय १४ फुटांच्या खोलीत काही वर्षांपूर्वी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. दर एप्रिलमध्ये मेकॅनिक येतो, गॅस कमी झाल्याचे सांगतो आणि भरून पैसे घेऊन जातो. तरीही दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत खोली हवी तशी गार होत नाही. आता खालच्या मजल्यावर वडिलांच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीसाठी दुसरा एसी घ्यायचा आहे. जुन्या एसीचे काय करावे आणि नवा बसवताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून किंवा वापरून संपत नाही. कंप्रेसर, बाहेरची कॉइल, आतली कॉइल आणि त्यांना जोडणारे तांब्याचे पाइप मिळून एक बंद वर्तुळ तयार होते. त्याच गॅसचे द्रव होते, द्रवाचा पुन्हा गॅस होतो आणि या फेऱ्यांत खोलीतली उष्णता बाहेर टाकली जाते. वर्तुळ खरोखर बंद असेल, तर कारखान्यात भरलेला गॅस दहा-पंधरा वर्षांनीही तितकाच भरतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तो पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा निघून जाण्याची व्यवस्था करणे होय. म्हणून गॅस किती भरला यापेक्षा तो कुठून गेला, हे मेकॅनिकला आधी विचारावे. या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर गॅस भरू देऊ नये.

मात्र गॅस खरोखरच कमी झाला होता का, अशीही मला शंका आहे. बहुतेक वेळा मॅनिफोल्ड गेज (गॅसचा दाब दाखवणारे मीटर) बाहेरच्या भागाच्या सर्व्हिस व्हॉल्व्हला लावून सक्शनचा, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब पाहिला जातो आणि त्या एका आकड्यावर निर्णय होतो. जुन्या ठरावीक वेगाच्या मशिनमध्ये या आकड्यावरून बराच अंदाज येत असे. इन्व्हर्टर मशिनमध्ये कंप्रेसरचा वेग सतत बदलतो आणि वेगाबरोबर दाबही बदलतो, त्यामुळे मशिन चाचणी मोडमध्ये ठेवल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्यातच बाहेर ४२ अंश तापमान असेल, तर निरोगी मशिनचे दाबही नेहमीपेक्षा वेगळे दिसतात. शिवाय गरजेपेक्षा जास्त गॅस भरला, तरीही गारवा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. दरवर्षी ‘थोडा-थोडा’ गॅस भरलेल्या मशिनमध्ये आज नेमका किती ग्रॅम गॅस आहे, हे तो पूर्ण काढून वजन केल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असण्याची शक्यता आहे. मशिन बिघडलेले असणे हा एक आणि मशिन ठीक असूनही खोलीचा उष्णतेचा भार त्याला न झेपणे हा दुसरा. त्यांचे उपाय पूर्णपणे वेगळे असल्यामुळे आधी निदान करावे. त्यासाठी मेकॅनिकची गरज नाही, दोनशे-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे.

फिल्टर धुऊन बसवावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, एसी कूल मोडवर सर्वांत कमी तापमानाला आणि पंखा मोठ्या वेगावर ठेवून २० मिनिटे चालू द्यावा. मग इनडोअरच्या, म्हणजे खोलीतल्या भागाच्या, वरच्या बाजूने आत शिरणाऱ्या हवेचे आणि खालच्या झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. सर्वसाधारणपणे या दोहोंत १० ते १२ अंशांचा फरक असेल, तर मशिन आपले काम करत आहे असे समजतात. येथे सोलापूरच्या हवेचा विचार करणे आवश्यक आहे. कोकणात किंवा मुंबईत मशिनची बरीच शक्ती हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ती जवळजवळ सगळी शक्ती हवेचे तापमान उतरवण्यातच लागते. त्यामुळे उन्हाळ्यात येथील निरोगी मशिनमध्ये हा फरक १२ अंशांच्या वरही दिसायला हवा, आणि आठच अंश येत असेल तर ‘चालेल’ म्हणून सोडून देऊ नये. याच कारणाने मे महिन्यात ड्रेन पाइपमधून पाणी फारसे पडत नाही. पाणी पडत नाही म्हणजे गॅस संपला, असा अर्थ अनेक घरांत काढला जातो आणि त्यावरून गॅस भरलाही जातो. हा अर्थ चुकीचा आहे. तोच एसी जुलैमध्ये लावला की पाणी वाहू लागते.

आता तापमानाचा फरक चांगला असूनही खोली चार ते नऊ या वेळेतच गार होत नसेल, तर दोष मशिनमध्ये नसून छतात आहे. आपल्याकडील बहुतेक नव्या घरांना आरसीसीचा उघडा स्लॅब असतो आणि त्यावर कोणतेही उष्णतारोधक आवरण नसते. हा स्लॅब सकाळपासून ऊन पीत राहतो, पण त्याची जाडी ओलांडून खालच्या पृष्ठभागापर्यंत उष्णता पोहोचायला काही तास लागतात. बाहेरचे ऊन उतरू लागते तेव्हा खोलीतले छत सर्वांत जास्त तापलेले असते आणि ते रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता फेकत राहते. आपण सांगितलेली वेळ याच्याशी तंतोतंत जुळते. पश्चिमेची भिंतही उघडी असेल, तर भार आणखी वाढतो.

मशिनच्या क्षमतेचे गणितही समजून घ्यावे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. दीड टनाचे मशिन सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता उपसते. पण हा आकडा बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेला असतो. बाहेरचे तापमान त्यापुढे जसजसे चढते, तसतशी क्षमता ढोबळमानाने दर अंशाला एक टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे ज्या दिवशी सोलापुरात पारा ४३ वर असतो आणि आपल्याला मशिनची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवशी ते पूर्ण दीड टनाचे राहत नाही. तापलेल्या स्लॅबखालच्या १६८ चौरस फुटांच्या खोलीला ते जेमतेम पुरते.

यावर मोठा एसी घेणे हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे. आधी गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप मारून घ्यावा. साधा चुनाही एका उन्हाळ्यापुरता चांगला उपयोगी पडतो आणि छताच्या तापमानातला फरक हाताला जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करावी, कारण काचेतून ऊन आत आल्यावर पडदा लावून त्याचा निम्माच उपयोग होतो. आणि खोली तापून गेल्यावर सहा वाजता एसी लावण्याऐवजी तीनच्या सुमारास २६ अंशांवर सुरू करावा, म्हणजे छतातून उतरणारी उष्णता साठण्याआधीच बाहेर जाऊ लागते.

सोलापुरात घरोघरी डेझर्ट कूलर असतो, म्हणून कूलरबद्दल येथेच लिहितो. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो आणि एसीपेक्षा पुष्कळ कमी वीज घेतो. परंतु एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र चालवू नयेत. कूलरला बाहेरची हवा लागते, एसीला बंद खोली लागते. शिवाय कूलर हवेत जे बाष्प सोडतो, तेच पुन्हा पाणी करून बाहेर काढण्यात एसीची शक्ती वाया जाते. दुपारी बाहेरच्या खोलीत कूलर आणि रात्री झोपण्याच्या खोलीत एसी, ही विभागणी योग्य आहे.

मोजलेला फरक मात्र कमी आला, तर तपासणीचा क्रम पाळावा आणि गॅस सर्वांत शेवटी ठेवावा. आधी हवा. इनडोअरचा फिल्टर, त्यामागची कॉइल आणि नळकांड्यासारखा ब्लोअर यांवर धुळीचा थर बसला की हवा कमी होते, कॉइलवर बर्फही धरू शकतो, आणि तो पाहून पुन्हा गॅस कमी असल्याचे निदान होते. पूर्व भागात जिथे शेजारीच यंत्रमाग चालतात, साखर पेठ, अशोक चौक किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीच्या आसपास, तिथे कापसाचे बारीक तंतू हवेत असतात. ते फिल्टरवर नमद्यासारखे बसतात आणि आठ दिवसांत जाळी बंद करतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांजवळच्या घरांत फिल्टर दर आठवड्याला धुवावाच लागतो. आपल्या जुळे सोलापुरात पंधरा दिवसांनी धुतला तरी पुरे.

त्यानंतर आउटडोअर, म्हणजे एसीचा बाहेरचा भाग, पाहावे. त्याची मागची कॉइल धुळीने भरलेली असेल किंवा ते कोंडलेल्या जागेत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. आउटडोअरवर थेट ऊन पडण्याची लोकांना फार काळजी वाटते आणि मग त्यावर पत्र्याचे बुटके छप्पर घातले जाते. उन्हापेक्षा कोंडी अधिक वाईट असते. आउटडोअरने सोडलेली गरम हवा छपराला किंवा गच्चीच्या कठड्याला आपटून पुन्हा मागून आत ओढली जाते आणि मशिनला ४३ ऐवजी ५० अंशांच्या हवेत काम करावे लागते. सावली करायचीच असेल, तर ती चारही बाजूंनी मोकळी आणि मशिनपासून दोन-तीन फूट उंच असावी. यानंतर बाहेरचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो का, कॅपॅसिटर असलेल्या मशिनमध्ये तो ठीक आहे का, आणि चालू मशिनला व्होल्टेज किती मिळते, हे पाहावे. हे सर्व निर्दोष असेल, तरच गॅसकडे वळावे.

गळती बहुतेक वेळा जोडांवर सापडते. इनडोअरच्या मागे दोन आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर दोन, असे चार फ्लेअर जोड (पाइपाचे तोंड फुलवून नटाने कसलेले जोड) असतात. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही थोडे बाहेर पडत असल्यामुळे गळक्या जोडाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. बुडबुडे दिसले नाहीत, तर यंत्रणा रिकामी करून कोरडा नायट्रोजन मशिनवर लिहिलेल्या दाबाच्या मर्यादेत भरावा आणि काही तास दाब उतरतो का ते पाहावे. सर्व्हिस व्हॉल्व्हची पितळी टोपी आणि पिन हीही नेहमीची जागा आहे. गेज लावून काढल्यावर टोपी घट्ट बसवली नाही, तर गॅस तपासण्याच्या निमित्तानेच गळती सुरू होते. उघड्या गटारीजवळ किंवा नाल्याकाठी असलेल्या घरांत गंधकयुक्त वायूंमुळे तांबे काळे पडते आणि तेथील पाइपांची तपासणी अधिक बारकाईने करावी लागते.

दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही वापरू देऊ नये. वेल्डिंगसाठी तो हाताशी असतो आणि नायट्रोजन आणावा लागतो, एवढ्याच कारणाने काही जण तो जोडतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. यात माणसे मेली आहेत, म्हणून घरमालकाने स्वतः सिलिंडर कोणता आहे ते पाहावे.

गळती दुरुस्त झाल्यावर जुन्या गॅसवर नवा न भरता यंत्रणा व्हॅक्यूम पंपाने पूर्ण रिकामी करावी आणि आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरावेत. दीड टनाच्या मशिनमध्ये हे प्रमाण एक किलोच्या आतबाहेर असते. म्हणजे शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झाले, तरी फरक दहा टक्क्यांचा. गेजवर काटा पाहून भरलेल्या गॅसमध्ये ही अचूकता येऊ शकत नाही. सध्याच्या बहुतेक मशिनमध्ये आर-३२ असतो, काहींमध्ये आर-४१०ए आणि काहींमध्ये आर-२९० असतो. यांतला एक दुसऱ्याच्या जागी कधीही भरता येत नाही. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्यामुळे ते द्रवरूपातच भरावे लागते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, जो घरगुती गॅसइतकाच ज्वलनशील आहे. म्हणून गॅस आत असताना पाइपावर ज्योत लावू नये, आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता वडिलांच्या खोलीचा नवा एसी. खाली असल्यामुळे छतावर वरच्या मजल्याची सावली आहे आणि खोली १२० चौरस फुटांची आहे, तेव्हा एक टन पुरेसा होईल. ऊर्जा लेबलवरील ताऱ्यांबाबत एवढेच सांगतो की लेबलवरचे वर्ष पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या निकषाने कमी ठरू शकतात. लेबलवर आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात वीजवापराच्या तुलनेत किती गारवा मिळतो, हा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी वीज कमी. वार्षिक युनिटांचा लेबलवरचा आकडा वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. सोलापुरात मार्च ते जून रोज आठ-दहा तास एसी चालणाऱ्या घराला अधिक ताऱ्यांचे जास्त पैसे वसूल होतात. वर्षात महिनाभरच लावणाऱ्याला तीन तारे पुरतात.

मशिन कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर लोक महिनाभर विचार करतात आणि ते बसवणाऱ्या दोन तासांकडे पाहत नाहीत. माझ्या अनुभवात मशिनचे आयुष्य त्या दोन तासांवर अधिक अवलंबून असते. आपल्या जुन्या मशिनची गळतीही, शोधली तर, बसवतानाच्या एखाद्या जोडापाशी निघण्याची शक्यता बरीच आहे.

जागेपासून सुरुवात करावी. इनडोअर थेट वडिलांच्या पलंगावर झोत पडेल असे नसावे आणि त्याच्या वर छतापर्यंत किमान १५ सेंटीमीटर मोकळी जागा असावी, कारण हवा वरूनच आत जाते. आउटडोअरसाठी उत्तर किंवा पूर्वेची मोकळी भिंत निवडावी. मागे किमान एक फूट आणि समोर तीन फूट जागा सोडावी. डक्टमध्ये किंवा जाळीच्या बंद बाल्कनीत ते ठेवू नये. भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि काम झाल्यावर ते पुटीने बंद करावे. ते उघडे राहिले, तर उंदीर ड्रेन पाइप आणि वायर कुरतडतात आणि पाली पीसीबीपर्यंत (मशिनच्या सर्किट बोर्डापर्यंत) जाऊन शॉर्ट करतात. या दोन्ही गोष्टी येथे नेहमी घडतात.

पाइप तांब्याचेच घ्यावेत. एक टनासाठी साधारणपणे पाव इंची आणि ३/८ इंची पाइप लागतात. त्यांच्यावर वेगवेगळे इन्सुलेशन असावे, कारण स्प्लिट एसीमध्ये द्रवाचा दाब आउटडोअरमध्येच उतरवलेला असतो आणि त्यामुळे दोन्ही पाइप थंड असतात. सोलापूरच्या उन्हात पाइपावरची टेप दोन उन्हाळ्यांत फाटते आणि आतला फोम भुसभुशीत होतो, म्हणून उघड्यावरच्या पाइपाला केसिंग घालून घ्यावे. पाइप कटरने कापावा, हॅक्सॉने नव्हे. कापल्यावर आतली कड रीमरने साफ करावी आणि तसे करताना तोंड खाली धरावे, म्हणजे कीस आत पडणार नाही. फ्लेअर गुळगुळीत आणि समान रुंदीचा झाला पाहिजे. नट आधी हाताने पूर्ण फिरवून मग टॉर्क रेंचने कसावा. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ आणि ३/८ इंचीला ३४ ते ४२ न्यूटन-मीटर लागतात, पण अंतिम आकडा मशिनच्या पुस्तिकेतला. अंदाजाने जोर लावून कसलेला नट एक तर सैल राहतो किंवा फ्लेअर चिरतो. चिरलेला फ्लेअर लगेच गळत नाही. तो काही महिने थंड-गरम होत राहतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये ‘गॅस संपतो’.

यानंतर व्हॅक्यूम, आणि याबाबत कोणतीही तडजोड करू नये. नव्या आउटडोअरमध्ये गॅस भरलेला असतो, पण पाइप आणि इनडोअरमध्ये हवा असते. ती काढण्यासाठी अनेक जण आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून गॅसच्या जोराने हवा बाहेर फुंकून देतात. याला पर्जिंग म्हणतात आणि यात पाच मिनिटे लागतात. यात मोजून भरलेला गॅस वाया जातो, ज्वलनशील गॅस खोलीत किंवा गच्चीवर पसरतो, आणि हवेतला ओलावा आत राहतो तो राहतोच. हा ओलावा कंप्रेसरच्या तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करतो आणि ते आतल्या वाइंडिंगला हळूहळू खाते. योग्य पद्धत अशी की व्हॅक्यूम पंप किमान २०-३० मिनिटे चालवून मायक्रॉन गेजवर (आत उरलेला अगदी सूक्ष्म दाब दाखवणाऱ्या मीटरवर) दाब ५०० मायक्रॉनच्या खाली आणावा, मग पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. आकडा थोडा चढून स्थिरावला, तर आत ओलावा शिल्लक आहे आणि पंप पुन्हा चालवावा. तो चढतच राहिला, तर गळती आहे. तो जवळजवळ हलला नाही, तरच व्हॉल्व्ह उघडावेत. घरमालकाने एवढेच करावे की बुकिंग करताना ‘व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज घेऊन या’ असे स्पष्ट सांगावे आणि बसवताना तिथे उभे राहावे.

ड्रेन पाइपला दर मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार असावा आणि त्याचे टोक बादलीत बुडलेले नसावे. उतार नीट आहे की नाही, हे मे महिन्यात कळत नाही, ते जुलैमध्ये भिंत ओली झाल्यावर कळते. म्हणून बसवल्यावर इनडोअरच्या ट्रेमध्ये एक तांब्या पाणी ओतून ते लगेच बाहेर पडते का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

विजेसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी असावी. घरात दोन एसी होत असल्याने महावितरणकडून मंजूर भार पुरेसा आहे का, हेही तपासून घ्यावे. अर्थिंगकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की जुन्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध खूप वाढतो, आणि सॉकेटला अर्थची तार असूनही ती नावापुरती उरते. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. स्टॅबिलायझर लागतो की नाही, हे मशिनच्या पट्टीवरील व्होल्टेजची मर्यादा आणि आपल्या भागातले संध्याकाळचे प्रत्यक्ष व्होल्टेज पाहून ठरवावे. डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला घर असेल तर तो घ्यावाच.

वापराबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. २०२० पासून विक्रीला येणाऱ्या एसींमध्ये सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने बंधनकारक केले आहे आणि दर एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगते. आपल्या कोरड्या हवेत २६ अंश आणि छताचा पंखा हळू, एवढे वडिलांच्या वयाच्या माणसाला पुरेसे सुखकर वाटते. रिमोटवर १८ केल्याने खोली लवकर गार होते हा समज आहे. खोली तापलेली असताना मशिन २४ वरही पूर्ण वेगानेच चालते. इन्व्हर्टर एसी थोड्या-थोड्या वेळाने बंद-चालू करू नये, कारण खोली गार झाल्यावर तो कमी वेगाने चालतो तेव्हाच वीज वाचवत असतो. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. रोज आठ युनिटे एसीला गेली, तर महिन्याला २४० होतात, आणि घराचा नेहमीचा वापर धरला की ३०० ओलांडले जातात. वरच्या टप्प्याचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागत असला, तरी बिलातला फरक तिथूनच जाणवू लागतो.

सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर आपण धुवावा आणि वर्षातून एकदा, अति धुळीच्या भागात दोनदा, मेकॅनिककडून दोन्ही कॉइल धुऊन घ्याव्यात. पंपाच्या झोताने कॉइलवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, वाकू नयेत, पीसीबी प्लॅस्टिकने झाकलेला असावा आणि प्लग काढलेला असावा. इन्व्हर्टरच्या आउटडोअर पीसीबीमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटे प्रभार राहतो, तेव्हा तो घरच्या कोणीही उघडू नये. कॉइल चमकवण्यासाठी आम्लाचे क्लीनर वापरू देऊ नये. ते ॲल्युमिनियमचे फिन्स आणि त्यांवरचा निळा लेप खातात. शहरात अनेक घरी बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते जड असते. दुपारी आउटडोअर गार राहावे म्हणून त्यावर या पाण्याचा फवारा मारणारे लोक मी दरवर्षी पाहतो. त्या वेळेपुरता दाब उतरतो हे खरे, पण पाणी वाळल्यावर क्षार फिन्सवर बसतात आणि एका हंगामात कॉइलवर असा पांढरा थर धरतो की तो कशानेही पूर्ण निघत नाही. धुण्यासाठीही शक्यतो नळाचे पाणी वापरावे.

जुना एसी खाली हलवून नवा वर बसवण्याचा विचार मनात आला असेल, तर एक धोका लक्षात ठेवावा. मशिन काढताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. द्रवाच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून मशिन चालवायचे, गेज शून्याजवळ आला की दुसरा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशिन थांबवायचे, आणि त्यानंतरच पाइप सोडायचे. कंप्रेसर चालू असताना पाइप सैल केला किंवा यंत्रणा आधीच गळकी असली, तर हवा आत ओढली जाते. कंप्रेसरमध्ये हवा आणि तेल दाबली जाऊन स्फोट होऊ शकतो. आपल्या मशिनमध्ये गळतीची शंका आहे, म्हणून गळती शोधून दुरुस्त होईपर्यंत ते पंप डाउन करू देऊ नये. आणि हलवल्यानंतर जुने फ्लेअर पुन्हा वापरू नयेत, ते कापून नवे करावेत.

हे सर्व काम एप्रिलमध्ये नीट होत नाही, कारण तेव्हा प्रत्येक मेकॅनिकला दिवसाला दहा घरे असतात आणि नायट्रोजन लावून काही तास थांबायला कोणाकडेही वेळ नसतो. गड्ड्याची जत्रा संपल्यानंतर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बोलवावे. गळती कोणत्या जोडावर सापडली, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत उतरला, किती ग्रॅम गॅस भरला आणि शेवटी आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान किती होते, या चार गोष्टी त्याच्याकडून बिलावर लिहून घ्याव्यात. पुढच्या वर्षी दुसरा मेकॅनिक आला, तरी त्याने पहिल्यांदा ते बिल पाहावे आणि मगच गेज हातात घ्यावा.